ट्वीटरची पाठ उघडी ठेवावी की बंद? हाय-फाय स्पीकरसाठी सविस्तर मार्गदर्शन

ट्वीटर म्हणजे स्पीकरमधला वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग. त्याचा पडदा समोर जितका आवाज फेकतो, जवळपास तितकाच पाठीमागेही फेकतो. पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे मागचा आवाज ताकदीने समोरच्याच बरोबरीचा, पण उलट्या फेजचा. स्पीकर निवडताना चर्चा रंगते ती डोम (घुमटाच्या आकाराचा पडदा) रेशमी कापडाचा की धातूचा, आवाज २० किलोहर्ट्झच्या वर जातो का, याची. मागच्या आवाजाचं काय होतं हे क्वचितच कुणी विचारतं, आणि माझ्या मते ट्वीटरचा स्वभाव बराचसा तिथेच ठरतो.

त्या आवाजाला वाटा दोनच आहेत. पाठीमागच्या डबीत कोंडून शोषून टाकायचा, किंवा खोलीत मोकळा सोडायचा. दोन्ही वाटांनी उत्तम स्पीकर झाले आहेत. क्वाड कंपनीने १९५७ मध्ये आणलेल्या इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युतभाराच्या ओढीने पातळ पडदा हलवणाऱ्या) स्पीकरला पेटीच नव्हती. उलट बॉवर्स अँड विल्किन्सने १९९३ च्या नॉटिलसमध्ये प्रत्येक ड्रायव्हरमागे (आवाज काढणाऱ्या प्रत्येक भागामागे) निमुळती होत जाणारी लांब नळी लावली, मागचा आवाज परत येऊच नये म्हणून.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते पारखून घेता येईल. मागचा आवाज नीट शोषला जाणार असेल, तर बहुतेक खोल्यांत बंद पाठीचाच ट्वीटर योग्य. उघडी पाठ दोन अटींवर फार सुंदर वाजते: स्पीकरमागे निदान एक मीटर मोकळी जागा हवी (मागच्या भिंतीवर काम केलं तर अर्ध्या मीटरपर्यंतही चालतं), आणि ट्वीटरखालचा मिडरेंजही (मधले स्वर वाजवणारा ड्रायव्हर) उघड्या पाठीचा हवा. यातली एक जरी अट सुटली, तरी जे मिळतं त्याहून जास्त गमावलं जातं.

कुठल्या ट्वीटरची पाठ उघडी असू शकते

इथे बरेच जण चुकतात, म्हणून हे आधी. नेहमीच्या २५ किंवा २८ मिलिमीटरच्या डोम ट्वीटरची पाठ खऱ्या अर्थाने उघडता येत नाही. डोमच्या मागे चुंबक आणि लोखंडाचा मोटर-भाग असतो, मागचा आवाज तिथेच अडतो. काही डोम ट्वीटरमध्ये मधल्या लोखंडी खांबाला आरपार भोक असतं आणि त्यामागे एक डबी असते. भोक दिसलं म्हणून तो ट्वीटर उघड्या पाठीचा ठरत नाही, तो बंदच आहे, फक्त त्याच्या पाठीमागे हवा जास्त आहे. ती डबी उपटून काढली, तर रेझोनन्स (पडदा ज्या वारंवारितेवर आपसूक जोराने थरथरतो ती) आणि डॅम्पिंग (ती थरथर किती लवकर शमते ते) दोन्ही बदलतात, धूळ आणि लोखंडाचे कण थेट व्हॉइस कॉइलच्या (पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) फटीपर्यंत पोचू शकतात, आणि हाती येणारा मागचा आवाज त्या भोकातून निघालेला, रंग बदललेला असतो. ते करू नका.

खरोखर उघडे राहू शकतात ते पुढचे प्रकार.

रिबन ट्वीटर: चुंबकांच्या मध्ये टांगलेली, काही मायक्रॉन जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी. तिचा स्वतःचा रोध ओहमच्या छोट्या अंशाइतका, म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मर लागतो.

प्लॅनर ट्वीटर: पातळ फिल्मवर वाहक पट्ट्या चिकटवलेल्या, समोर आणि अनेकदा मागेही चुंबकांची रांग. यातल्या काहींचा मागचा कप स्क्रूने बसवलेला असतो आणि तो काढून वापरायची सोय उत्पादकानेच ठेवलेली असते.

एअर मोशन ट्रान्सफॉर्मर: ऑस्कर हाइल यांची रचना, घड्या घातलेला पडदा. घड्या मिटताना हवा बाहेर पिळली जाते आणि उघडताना आत ओढली जाते. १९७० च्या दशकात ईएसएस कंपनीने हा भलामोठा हाइल ट्वीटर वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या ड्रायव्हरच्या) पेटीवर तसाच उघडा ठेवला होता.

इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनल तर जन्मतःच दोन्ही बाजूंनी वाजतं.

आणि शेवटी जुने कागदी कोनचे ट्वीटर. यांच्यात दोन जाती आहेत. काहींची मागची टोपली पत्र्याने पूर्ण बंद असते, काहींच्या टोपलीला खिडक्या असतात. खिडक्यांचा ट्वीटर वूफरच्याच पेटीत उघडा बसवला तर काय होतं, ते पुढे सांगतो.

पहिली पायरी: स्पीकरमागचं अंतर मोजा

ट्वीटर पाहण्याआधी टेप घ्या. स्पीकर प्रत्यक्षात जिथे राहणार आहे तिथे ठेवा आणि ट्वीटरच्या पाठीपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. मोजायचं ते रोजच्या वापरातलं अंतर, पाहुणे येतील तेव्हा सोफा सरकवून मिळणारं नव्हे.

मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत यायला त्या अंतराच्या दुप्पट वाट चालतो. अंतर २० सेंटिमीटर असेल तर वाट ४० सेंटिमीटर, उशीर सुमारे १.२ मिलिसेकंद. असा उशिरा आलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की काही वारंवारिता वाढतात, काही खचतात, आणि आलेखावर कंगव्याचे दाते उमटतात. या उदाहरणात दोन दात्यांमधलं अंतर सुमारे ८६० हर्ट्झ येतं. आता कानाकडे पाहा. ४ किलोहर्ट्झच्या आसपास कान ज्या पट्टीतला आवाज एकत्र धरून ऐकतो, ती साधारण ४५० हर्ट्झ रुंद असते. दाते त्याहून विरळ, म्हणून कान त्यांना एकेक करून ओळखतो, आणि झांज किंवा तानपुऱ्याची जवारी विचित्र रंग धरते.

तेच अंतर एक मीटर केलं तर वाट दोन मीटर, उशीर ५.८ मिलिसेकंद आणि दाते सुमारे १७० हर्ट्झवर. कानाच्या एकेका पट्टीत आता दोन-तीन दाते मावतात, त्यामुळे ते वेगवेगळे ऐकू येत नाहीत. शिवाय इतक्या उशिराने आलेला आवाज मेंदू मूळ आवाजापासून थोडा वेगळा धरू लागतो. ध्वनिचित्र खोल वाटायला लागतं ते इथून. उघड्या पाठीच्या स्पीकरची जी ‘भिंत नाहीशी होते’ अशी तारीफ होते, तिचं मूळ बरंचसं या उशिरात आहे.

अंतर ५० सेंटिमीटरच्या आत असेल, तर पुढच्या दोन पायऱ्या डोळ्यांखालून घाला आणि सरळ बंद पाठीच्या भागाकडे जा. ५० सेंटिमीटर ते एक मीटर हा कटकटीचा पट्टा आहे. तिथे उघडी पाठ चालते, पण मागच्या भिंतीवर काम करावं लागतं.

दुसरी पायरी: मिडरेंज मागे काय पाठवतो ते पाहा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी पायरी ही.

पेटीतला मिडरेंज खालच्या स्वरांत चहूकडे वाजतो आणि वारंवारिता वाढेल तसा समोर एकवटतो. क्रॉसओव्हरच्या जागी, म्हणजे मिडरेंज थांबून ट्वीटर सुरू होतो तिथे, साधारण २ ते ३ किलोहर्ट्झला, त्याचा मागे जाणारा आवाज अगदी थोडा उरलेला असतो. तिथून पुढे उघड्या पाठीचा ट्वीटर सुरू झाला, तर मागच्या दिशेला एकदम आवाज फुटतो. समोर बसून मोजलेला आलेख सपाट दिसेल, पण खोलीत एकूण किती आवाज सोडला जातो त्याच्या आलेखात क्रॉसओव्हरवर पायरी दिसेल. कानाला ते ‘स्स’ आणि ‘श’ या व्यंजनांत जाणवतं: गायकाचा गळा स्पीकरपाशी आणि त्याचे सकार मागे भिंतीवर पसरलेले.

उलट बाजूनेही तेच. मिडरेंज उघड्या बॅफलवर (मागे पेटी नसलेल्या फळीवर) असेल तर तो समोर-मागे सारखा आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ गप्प असतो, इंग्रजी आठाच्या आकड्याच्या आकारात. अशा रचनेला डायपोल म्हणतात. समोर तितकाच आवाज मिळत असताना आदर्श डायपोल खोलीत एकूण ऊर्जा सोडतो ती चहूकडे वाजणाऱ्या स्रोताच्या फक्त एक तृतीयांश, म्हणजे ४.८ डेसिबलने कमी. मागूनही वाजणारा स्पीकर खोलीला कमी हलवतो, हे ऐकायला उलटं वाटेल, पण बाजूंना आणि वर-खाली तो गप्प असतो, त्याचा हा हिशेब आहे. अशा मिडरेंजवर बंद पाठीचा डोम ठेवला की वरच्या स्वरांत मागचा अर्धा भाग अचानक मुका होतो.

स्पीकर-रचनाकार झिगफ्रीड लिंकविट्झ यांच्या उघड्या बॅफलच्या स्पीकरांचा प्रवास या बाबतीत बोलका आहे. त्यांच्या ओरायनमध्ये सुरुवातीला ट्वीटर फक्त समोर होता, पुढे त्यांनी पाठीमागेही एक जोडला. नंतरच्या एलएक्स५२१ मध्ये समोर-मागे दोन ट्वीटर पहिल्यापासूनच होते.

म्हणून सोपा नियम: मिडरेंज बंद तर ट्वीटर बंद, मिडरेंज उघडा तर ट्वीटरही उघडा. अपवाद आहे तो खूप खालून सुरू होणाऱ्या मोठ्या ट्वीटरचा. वर सांगितलेला ईएसएसचा हाइल ट्वीटर मधल्या स्वरांचा मोठा हिस्सा स्वतःच वाजवायचा, त्यामुळे सांधा माणसाच्या आवाजाच्या नाजूक भागापासून खाली सरकला होता. २५ मिलिमीटरच्या डोमला ते जमणारं नाही.

तिसरी पायरी: क्रॉसओव्हर कुठे घ्यायचा

ट्वीटरच्या रेझोनन्सच्या निदान दुप्पट वारंवारितेवर क्रॉसओव्हर घ्या, मग पाठ कुठलीही असो. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर बंद पाठीच्या डोमला चौपट हलावं लागतं. उघड्या पाठीच्या ट्वीटरला त्याहून जास्त, कारण खालच्या स्वरांत मागचा आवाज वळून पुढे येतो आणि समोरच्याला मारतो; तिथे हिशेब एका सप्तकाला आठपटीपर्यंत जातो. म्हणून तोच रिबन उघडा वापरताना क्रॉसओव्हर जरा वर घ्या किंवा त्याचा उतार तीव्र ठेवा, म्हणजे खालचे स्वर लवकर कापले जातील.

बंद पाठ: डबी चांगली कशी असते

बंद पाठीचा आवाज ‘कोंडलेला’ असतो अशी एक समजूत आहे. कोंडलेला वाजतो तो वाईट डबीचा ट्वीटर. पडदा फार पातळ असतो. डबीच्या तळावर आपटून परत आलेला आवाज त्याला सहज पार करून समोर येतो. डबी ३ सेंटिमीटर खोल असेल तर हा दुसरा आवाज ०.१७ मिलिसेकंद मागाहून येतो, आणि डबीत ५.७ किलोहर्ट्झच्या आसपास स्वतःचा रेझोनन्स तयार होतो. म्हणजे ट्वीटरच्या कामाच्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर. चिडचिडा, टोचणारा ट्वीटर म्हणून ज्याला नावं ठेवली जातात, त्यात बरेचदा दोष डोमच्या धातूचा नसून या डबीचा असतो.

यावर उपाय तीन तऱ्हांचे. सर्वांत साधा म्हणजे डबी खोल करून आत लोकर किंवा फेल्ट भरणं. दुसरा नॉटिलसचा: नळी हळूहळू निमुळती करत न्यायची आणि आत शोषक भरायचा, म्हणजे आवाज पुढे जाता जाता विरतो आणि परत फिरण्यासारखं काही उरत नाही. तिसरा केईएफचा. २०२० च्या एलएस५० मेटामध्ये ड्रायव्हरमागे नळ्यांच्या चक्रव्यूहाची एक चकती आहे. प्रत्येक नळी वेगळ्या वारंवारितेसाठी बेतलेली, आणि सगळ्या मिळून मागच्या आवाजाचा ९९ टक्के भाग शोषतात असा कंपनीचा दावा आहे. तिन्हींचं ध्येय एकच: डोमला आपल्या पाठीमागे भिंत आहे हे कळूच नये.

विकत घेताना डेटाशीटमध्ये दोन गोष्टी पाहा. रेझोनन्स ५०० ते ७०० हर्ट्झ असेल तर मागे पुरेशी हवा आहे असं समजा. १५०० च्या घरात असेल तर डबी नाही किंवा नावापुरती आहे. आणि इम्पिडन्सच्या (वारंवारितेनुसार बदलणाऱ्या विद्युत रोधाच्या) आलेखात रेझोनन्सचा एकच गोलसर उंचवटा असावा. पुढे रेषेत कुठे छोटीशी गाठ किंवा सुरकुती दिसली, तर तिथे डबी किंवा पडदा स्वतःच्या मर्जीने वाजतो आहे. रेझोनन्सचा उंचवटा अगदी बुटका असेल तर फटीत फेरोफ्लुइड (चुंबकीय द्रव) असण्याची शक्यता मोठी. ते कॉइल थंड ठेवतं आणि डॅम्पिंग देतं, पण मागच्या आवाजाला शोषत नाही. ते वेगळं काम आहे.

आता खिडक्यांच्या कागदी ट्वीटरचा प्रश्न. तो वूफरच्या पेटीत उघडा राहिला तर वूफरच्या प्रत्येक ठोक्याने पेटीतली हवा त्याचा कोन ढकलते. खात्री करून घ्यायची असेल तर ट्वीटरच्या दोन्ही तारा काढा, वूफरला ३० ते ४० हर्ट्झचा स्वर बेताच्या आवाजात द्या आणि ट्वीटरच्या कोनकडे पाहा. तारा नसतानाही तो हलत असेल, तर गाणं वाजताना त्याचा प्रत्येक वरचा स्वर खर्जाच्या तालावर डुलतो आहे. याला स्वतंत्र डबी हवीच. ती अशी करा:

१. ट्वीटरच्या टोपलीपेक्षा थोडा मोठा जाड प्लॅस्टिक पाइपचा तुकडा आणि त्याचं टोपण घ्या. आतला व्यास ७५ मिलिमीटर आणि लांबी ७० मिलिमीटर असेल तर आत सुमारे ३०० मिलिलिटर जागा मिळते. चुंबक व्यापेल ती त्यातून वजा धरा.

२. डबी लहान पडली तर रेझोनन्स वर चढतो. मोकळ्या हवेत १००० हर्ट्झ रेझोनन्स असलेल्या ट्वीटरची हवेची समतुल्य जागा (त्याच्या पडद्याइतकीच लवचिक असणाऱ्या हवेची मात्रा) १०० मिलिलिटर असेल, तर १०० मिलिलिटरच्या डबीत तो सुमारे १४१० हर्ट्झला जातो आणि ३०० मिलिलिटरच्या डबीत सुमारे ११५५ ला. म्हणून जागा असेल तर डबी मोठीच करा.

३. टोपणाच्या तळाशी फेल्टचा जाड थर चिकटवा. त्यापुढे लांब धाग्यांची लोकर किंवा पॉलिस्टर भरा, तळाशी दाट आणि कोनकडे येताना विरळ. कोनला धागा लागता कामा नये.

४. तारेसाठी भोक पाडा आणि तार ओवून ते सिलिकॉनने पूर्ण बंद करा. सुईएवढी गळतीही वूफरच्या दाबाला वाट देते.

५. डबी आणि बॅफल यांच्यामध्ये फोमचं गॅस्केट द्या आणि वरची ४० हर्ट्झची चाचणी पुन्हा करा. कोन स्थिर दिसला पाहिजे.

डबीच्या बाहेरच्या अंगाला थोडं जड, रबरासारखं आवरण चिकटवलं तर पाइपचा स्वतःचा टणत्कारही मरतो. ते ऐच्छिक आहे, पण मी ते नेहमी करावं असं म्हणेन.

उघडी पाठ: बांधणी आणि मांडणी

दोन्ही अटी पूर्ण होत असतील तर या वाटेला जा. इथे दोन पर्याय आहेत. एक, पाठ मुळातच उघडी असलेला रिबन, प्लॅनर किंवा एअर मोशन ट्वीटर. दोन, बंद पाठीचे दोन डोम पाठीला पाठ लावून.

पहिल्या प्रकारात मुख्य काळजी बॅफलच्या रुंदीची. समोरून मागे जायची वाट जितकी लांब, तितका डायपोलचा आकार खालच्या वारंवारितेवर मोडू लागतो. ही वाट ८ सेंटिमीटर असेल तर हिशेबाने २.१ किलोहर्ट्झच्या आसपास समोरचा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि ४.३ किलोहर्ट्झला खड्डा पडतो. प्रत्यक्षात तिथवर ट्वीटर बराचसा समोर एकवटलेला असतो, म्हणून खड्डा इतका खोल जात नाही, तरी त्याची दिशा हीच राहते. म्हणून उघड्या ट्वीटरभोवती बॅफल शक्य तितका अरुंद ठेवा, जमल्यास ट्वीटरच्या चौकटीपुरताच. पाठीमागे लाकडाची आडवी पट्टी, जाड कंस किंवा तारांचा गुंता ठेवू नका. मागचा आवाज तिथेच आपटला, तर उघड्या पाठीचा हेतूच गेला.

रिबनच्या पाठीमागे बारीक जाळी किंवा ध्वनीला पारदर्शक कापड मात्र जरूर लावा. चुंबकाची ओढ जबर असते, आणि लोखंडाचा एक कणही पट्टीला खरवडू शकतो. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट तिच्यावर येऊ देऊ नका, फुंकर मारून धूळ काढायचा मोह तर अजिबात नको.

दोन डोमच्या रचनेत लहान निओडिमियम चुंबकाचे चपटे ट्वीटर घ्या, म्हणजे दोन डोममधलं अंतर कमी राहतं. समोरच्याला तार नेहमीप्रमाणे जोडा आणि मागच्याला उलटी. समोरचा डोम पुढे सरकेल तेव्हा मागचा आत ओढला जाईल आणि एका पडद्याच्या दोन बाजूंसारखं काम होईल. तारा उलट्या न करता जोडल्या तर दोन्ही डोम एकाच वेळी बाहेर येतात. ती बायपोल रचना झाली. तीही वाजते, पण बाजूच्या भिंतींकडे आवाज वाढवते, आणि उघड्या मिडरेंजशी तिचा मेळ बसत नाही.

ॲम्प्लिफायरवर पडणाऱ्या भाराचा विचार इथेच करा. दोन ८ ओहमचे ट्वीटर समांतर जोडले की ४ ओहम होतात, ६ ओहमचे जोडले की ३. तुमच्या ॲम्प्लिफायरला ते झेपतं का ते आधी पाहा, नाहीतर एकेका ट्वीटरला वेगळा चॅनल द्या.

मागच्या ट्वीटरची पातळी सुरुवातीला समोरच्याइतकीच ठेवा. भिंत कठीण आणि उघडी असेल आणि आवाज चकाकायला लागला, तर पातळी उतरवा. ८ ओहमच्या ट्वीटरसाठी ६ डेसिबल कमी करायचे तर ४ ओहमचा रेझिस्टर ओळीत आणि ८ ओहमचा ट्वीटरला समांतर, इतकं पुरतं. मिडरेंज मात्र मागे पूर्ण आवाजात वाजतच राहील, हे ध्यानात ठेवून थोडंच उतरवा.

मांडणीत उघड्या पाठीचा एक मोठा फायदा हाती येतो: बाजूची गप्प दिशा. स्पीकर आत वळवताना ही दिशा जवळच्या भिंतीवर जिथे पहिलं परावर्तन होतं त्या जागेकडे जाईल असं पाहा. भिंतीवर आरसा धरून ती जागा सापडते: ऐकण्याच्या खुर्चीतून आरशात ट्वीटर दिसला की तीच जागा. मागच्या भिंतीला, अंतर मीटरभर असेल तर आवाज विखुरणारं काही द्या. पुस्तकांनी वेड्यावाकड्या उंचीत भरलेलं कपाट उत्तम काम करतं. अंतर ५० ते १०० सेंटिमीटरच्या पट्ट्यात असेल तर ट्वीटरच्या बरोबर मागे ५ सेंटिमीटर जाडीचं खनिज लोकरीचं पॅनल लावा. ते १ किलोहर्ट्झच्या वर चांगलं शोषतं, आणि आपल्याला इथे तेवढंच हवं आहे. सगळी भिंत मऊ करून टाकलीत, तर उघडी पाठ घेतलीच कशाला, असं होईल.

मोजमाप

मोजण्याचा मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ट्वीटर क्रॉसओव्हरशिवाय मोजायचा असेल तर ओळीत कपॅसिटर लावल्याशिवाय कधीच नाही. ८ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडने उतार सुमारे २ किलोहर्ट्झपासून सुरू होतो, २० ने सुमारे १ पासून. स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा स्वर) ५०० हर्ट्झच्या वरूनच सुरू करा आणि आवाज बेताचा ठेवा. रिबनसोबत ही शिस्त दुप्पट पाळा.

ट्वीटर आणि माइक दोन्ही जमिनीपासून एक मीटरवर आणि एकमेकांपासून एक मीटरवर ठेवले, तर जमिनीवरून येणारा आवाज सुमारे ३.६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. विश्लेषणाची खिडकी (सॉफ्टवेअर जेवढ्या वेळेचा आवाज धरतं तेवढा काळ) त्याआधी बंद केली की ३०० हर्ट्झच्या वरचं चित्र खोलीच्या हस्तक्षेपाशिवाय मिळतं, ट्वीटरला ते भरपूर झालं. फक्त मागची भिंत स्पीकरपासून दूर असायला हवी, नाहीतर उघड्या पाठीचं परावर्तन त्याच खिडकीत घुसेल.

बंद पाठीच्या ट्वीटरसाठी आधी इम्पिडन्स मोजा, डबीशिवाय आणि डबीसह. मग प्रत्येक वारंवारिता वेळेबरोबर कशी विरते ते दाखवणारा, धबधब्यासारखा उतरता आलेख पाहा. एखाद्या वारंवारितेवर बाकी सगळं विरल्यावरही लांबत जाणारी कड दिसली, तर लोकर वाढवा किंवा तिची जागा बदला आणि पुन्हा मोजा.

उघड्या पाठीसाठी माइक फिरवत ०, ३०, ६०, ९० आणि १८० अंशांवर मोजा. ० आणि १८० चे आलेख क्रॉसओव्हरच्या आसपासच्या सप्तकात एकमेकांशी मिळतेजुळते हवेत, ९० अंशांवर ठळक खड्डा हवा. दोन डोमच्या रचनेत ९० अंशांवर खड्ड्याऐवजी उंचवटा दिसला, तर मागच्या ट्वीटरच्या तारा उलट्या करायच्या राहिल्या आहेत.

ऐकून पक्कं करणं

पिंक नॉइज (सगळ्या वारंवारितांचा मिळून होणारा सळसळता चाचणीचा आवाज) लावा आणि डोकं हळूहळू डावी-उजवीकडे न्या. आवाजाचा पोत बदलत जाणं हे जवळच्या परावर्तनाचं लक्षण. नंतर एकट्या स्त्री-स्वराचं ध्वनिमुद्रण घ्या, सकार गळ्याच्याच जागेवरून येतात का ते ऐका. टाळ्यांचा गजर ही ट्वीटरची कठोर परीक्षा आहे: प्रत्येक टाळी सुटी ऐकू आली तर डबीत किंवा भिंतीवर काही लांबत नाही, सगळं मिळून सरसर झाली तर मोजमापाकडे परत जा.

उघड्या पाठीसाठी आणखी एक चाचणी करा. मागचा ट्वीटर चालू-बंद करण्यासाठी एक स्विच ठेवा आणि ऐकण्याच्या जागेवर दोन्ही वेळची पातळी मोजून सारखी करून घ्या, कारण अर्ध्या डेसिबलनेही जास्त वाजणारा पर्याय कानाला सरस वाटतो. मग खूप वेगवेगळी ध्वनिमुद्रणं ऐका, स्टुडिओतलं कोरडं आणि मोठ्या सभागृहातलं, घुमारा असलेलं, दोन्ही. मागचा ट्वीटर चालू असताना दोन्हींत खोलपणाचा फरक कायम राहिला, सभागृह खोल आणि स्टुडिओ उथळ ऐकू आला, तर पातळी बरोबर आहे. दोन्ही सारखीच खोल वाटू लागली, तर तो खोलपणा ध्वनिमुद्रणातला नव्हे, तुमच्या भिंतीचा आहे. मागची पातळी २ डेसिबलने उतरवा, एक-दोन दिवस तशीच राहू द्या आणि त्याच ध्वनिमुद्रणांवर पुन्हा ऐका.